शेरा : खवट

माझ्या मायला खवट म्हणणारा सरकारी कागद मी पहिल्यांदा मोबाइलवर वाचला. शेजारच्या धुरपताबाईच्या सुनेनं फोटो काढून पाठवला होता. मी तेव्हा नांदेडच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या पोरींना कोलेस्टेरॉल शिकवत होते. कागद वाचला आणि खडू ठेवून वर्गाबाहेर आले, कारण पोरींसमोर तोंडातून काय निघालं असतं याची मलाच खात्री नव्हती.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आमचं गाव हद्दीवरचं. बाजारहाट कंधारला, कागदपत्रं लातूरला. त्यात त्या वर्षी नवीन जिल्ह्याची हवा फार होती. लातूरचे काही, नांदेडचे काही तालुके तोडून नवा जिल्हा होणार, आज होणार, एक मेला होणार, असं सगळे छातीठोकपणे सांगत. कुठल्याही कचेरीत काम घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं : आता कशाला, नवा जिल्हा झाल्यावर बघू. प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्हा येणार होता. तालुक्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, बाईनं बदनामी केली, आणि मूळ गोष्ट राहील बाजूला.

दुष्काळ होता म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत लेकरांना जेवण द्यायचं, असा हुकूम निघाला होता. चांगला हुकूम होता, मी नावं ठेवत नाही. माझी माय नागुबाई अकरा वर्षांपासून त्या शाळेत खिचडी शिजवते. ती लागली तेव्हा गावातल्या तीन घरांनी आपापल्या लेकरांना डबे दिले होते. सोनकांबळ्याच्या बाईच्या हातचं नको म्हणून. वर्षभरात त्या तीनही घरांची लेकरं ताट घेऊन रांगेत बसायला लागली, कारण तिच्या खिचडीचा वास वर्गापर्यंत जायचा. माय या गोष्टीबद्दल कधी बोलली नाही. मी बोलते, कारण माझ्यात तिच्याएवढा सोशिकपणा नाही.

आता त्या कागदाकडे येते. शाळेत एक चव नोंदवही असते. जेवण वाढायच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापकानं स्वतः घास खाऊन बघायचा आणि वहीत लिहायचं. तारीख, पदार्थ, स्वयंपाकिणीचं नाव आणि शेवटच्या रकान्यात शेरा. आमचे मुख्याध्यापक बापूसाहेब कुलकर्णी. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. आणि भित्र्या माणसानं केलेलं नुकसान वाईट माणसापेक्षा कमी नसतं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. त्या मोत्यासारख्या अक्षरात ते महिन्याभराचा ‘उत्तम’ एका बैठकीत लिहून ठेवायचे. एप्रिलमध्ये त्यांना टँकरच्या खेपा मोजायच्या कामाला लावलं. आधी लिहून ठेवलेली पानं संपली, आणि पुढची भरायला वेळ मिळेना. तेव्हा ते मायला म्हणाले, नागुबाई, तुम्हीच लिहीत जा, उत्तम म्हणून.

माय दुसरी शिकलेली. तिला अक्षर येतं, पण तिचा ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी उभे केलेले, मध्ये बोटभर जागा. तिनं नऊ दिवस इमानदारीनं ‘उत्तम’ लिहिलं, कारण उत्तमच होतं. दहाव्या दिवशी तेलाचा नवा डबा फोडला. डबा कुठं कुठं उन्हात पडून आला होता कोण जाणे. त्याचा वास इतका चढला की चुलीजवळ उभं राहवेना. तिनं फोडणी न देता नुसता डाळ-भात शिजवला आणि वहीत शेरा लिहिला : खवट. दुसऱ्या दिवशी डबा बदलून आला नाही, तिनं पुन्हा लिहिलं : खवट. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी तपासणीचं पथक आलं. त्यांनी चुलीकडे पाहिलं नाही, डब्याकडे पाहिलं नाही, वही पाहिली. वहीत ओळ होती : डाळ-भात, नागुबाई भीमा सोनकांबळे, खवट. आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांनी आदेश काढला. तो मी इथं जसाच्या तसा देते, म्हणजे मी पदरचं घालते असं कोणी म्हणायला नको : ‘स्वयंपाकी महिलेच्या नावापुढे मुख्याध्यापकांनी सलग तीन दिवस खवट असा शेरा नोंदविला आहे. अशा खवट स्वभावाच्या व्यक्तीने बालकांना आहार शिजवून देणे उचित नसल्याने कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा गुरुवारी समक्ष सादर करावा. तोपर्यंत स्वयंपाकास मनाई.’

हे चुकून झालं की मुद्दाम, याचा मी पुष्कळ विचार केला. खवट तेल असतं, खवट खोबरं असतं आणि खवट माणूसही असतो, हे मलाही माहीत आहे. पण खिचडीच्या वहीत खवट वाचल्यावर ज्याला तेल न आठवता बाई आठवते, त्याच्या डोक्यात आधीपासून काय भरलेलं असेल? आमची बाई नाही म्हणाली की ती खवटच. बापूसाहेबांना एका वाक्यात हे मिटवता आलं असतं : शेरा माझा नाही, त्यांचा आहे, तेलाबद्दल आहे. पण ते वाक्य बोलायचं तर आपण घास चाखत नाही, वही स्वयंपाकीण भरते, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून ते गप्प बसले.

मी दुसऱ्या दिवशी गावी गेले. माय अंगणात राखेनं भांडी घासत होती. पाणी टँकरचं, आठवड्याला दोन खेपा, म्हणून भांड्यांना राख. मी रागानं बोलत सुटले, ती ऐकत घासत राहिली. डब्यातलं थोडं तेल तिनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत घेऊन ठेवलं होतं. ती बाटली तिनं माझ्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, “सहा वर्सं तू नांदेडात चरबीचं शिकून राहिलीस. याचं काय करतीस सांग.”

सहा वर्षं मी ज्याच्यावर पीएच.डी. केली ते मी मायला कधी नीट सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची म्हणा, वेळ नव्हता म्हणा. आणि खरं तर ती पीएच.डी. तिच्याच एका प्रश्नातून निघाली होती. माझे वडील भीमा, आम्ही अण्णा म्हणायचो, एका कापसाच्या जिनिंगवर राखणदार होते. अंगानं काडीसारखे, तोंडात कायम विडी. एक्कावन्नाव्या वर्षी कंधारच्या बसस्टँडवर, नांदेडची गाडी यायच्या आधी, बाकावर बसल्या जागी गेले. हृदयाच्या नळ्यांत चरबी, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा माय म्हणाली होती, भाकर-ठेच्यावर जगलेल्या माणसाला चरबी कुठून आली? कोणाकडे उत्तर नव्हतं. मी ते शोधत गेले.

मी तिला सांगितलं. रक्तात चरबी सगळ्यांच्याच असते, ती लागतेच. आपल्या पेशींना चांगल्या चरबीसाठी एक दार असतं, आणि पोट भरलं की पेशी ते दार लावून घेते. पण रक्तातली चरबी नळीच्या भिंतीत अडकून राहिली, तिला विडीचा धूर, साखर, रक्तदाब असं काही लागलं, की ती बिघडते. ऑक्सिडाइझ्ड कोलेस्टेरॉल म्हणतात तिला. मायच्या भाषेत, खवटते. आणि तिला ओळखणारं वेगळं दार असतं, ते फक्त खवट चरबी आत घेतं. पुस्तकात त्याला ग्राही म्हणतात, माझ्या ग्राहीचं नाव लॉक्स-वन.

“गिऱ्हाईक?” माय म्हणाली.

ग्राही, मी म्हणाले. पण मग थांबले. सहा वर्षांत माझ्या एकाही मार्गदर्शकाला याहून बरा शब्द सुचला नव्हता. गिऱ्हाईकच होतं ते. खवट मालाचं गिऱ्हाईक.

पुढचं मी तिला तिच्याच शब्दांत सांगितलं. या गिऱ्हाइकाला पुरे म्हणून माहीत नाही. चांगल्या चरबीचं दार लागतं तसं हे लागत नाही. उलट जितका खवट माल येईल तितकी गिऱ्हाइकं वाढतात. साफसफाई करायला आलेल्या पेशी खवट चरबी खात सुटतात, खाऊन खाऊन फेसासारख्या फुगतात आणि तिथंच भिंतीत मरतात. त्यांचा ढीग साचतो. नळी अरुंद होते. एक दिवस तो ढीग फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते, नळी बंद पडते आणि माणूस बसस्टँडवर बसल्या जागी जातो. अण्णांच्या अंगात चरबी फार नव्हती. जी होती ती विडीच्या धुरानं खवटली असावी.

माय हातातलं पातेलं तसंच धरून बसली. मला वाटलं, तिला अण्णा आठवले. पण ती वेगळ्याच गोष्टीवर अडली होती.

“म्हंजी त्याला खवट कळतंय,” ती म्हणाली. “कळूनबी खातंय?”

“हो.”

“मंग ते आपल्या हापिसातलंच हाय की.”

मी हसले. ती हसली नाही.

बाटली घेऊन मी नांदेडला परतले. कॉलेजात पाणी नसल्यानं प्रयोगशाळा बंद होती. शिपायाला विनवून कुलूप काढलं. खवटपणाची एक जुनी, साधी परीक्षा आहे. तेलात आम्ल घालायचं, मग एक रसायन घालून हलवायचं. चांगलं तेल रंग बदलत नाही, खवट तेल लाल-गुलाबी होतं. मी परीक्षानळी हलवली आणि ठेवते न ठेवते तोच ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली. मी तीन वेळा करून पाहिलं, फोटो काढले, निष्कर्ष टंकून त्यावर सही केली. आता बघते, असं मनाशी म्हटलं. विज्ञान माझ्या बाजूनं आहे, या घमेंडीत मी गुरुवारी तालुक्याला गेले.

कचेरीबाहेर नवीन जिल्ह्यासाठी साखळी उपोषणाचा मांडव होता. मांडवात माणसं कमी, फलक जास्त. आत गटशिक्षणाधिकारी अमृतराव साहेब बसले होते. त्यांच्या मागं पाण्याचे दोन जार, निळे, थंडगार. समोर बापूसाहेब खुर्चीच्या कडेवर टेकलेले, मांडीवर शाळेची ती नोंदवही. बाजूच्या टेबलावर आवक-जावक बघणाऱ्या शिवकांताबाई. मायला कोणी बस म्हणालं नाही, ती उभी राहिली. म्हणून मीही उभी राहिले.

मी माझा कागद पुढं केला. साहेबांनी वरची सही वाचली. तुम्ही यांच्या कोण, असं विचारलं. मुलगी म्हटल्यावर कागद परत माझ्याकडे सरकवला. नात्यातल्या व्यक्तीचा अहवाल चालत नाही, नमुना आमच्यामार्फत सीलबंद जायला पाहिजे, आणि आता नवा जिल्हा झाल्यावर प्रयोगशाळा कोणती लागेल तेही ठरायचं आहे, असं म्हणाले. मग खुर्चीत मागं रेलून अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही हृदयरोगावर संशोधन केलंय ना? मग लिहून द्या, या तेलानं लेकरांच्या नळ्या बंद पडतात म्हणून. मी लगेच कारवाई करतो.”

आणि इथं मी अडकले. कारण ते खरं नाही, किंवा खरं आहे असं अजून कोणी म्हणू शकत नाही. नळीच्या भिंतीत खवटणारी चरबी वेगळी, डब्यातलं खवट तेल वेगळं. पोटातून गेलेल्या खवट तेलाचा थोडा हातभार लागतो असं काही प्रयोग सांगतात. पण चार दिवसांच्या खिचडीनं लेकरांच्या नळ्या बंद पडतात असं मी लिहिलं असतं, तर माझी सहा वर्षं खोटी ठरली असती. ते सिद्ध झालेलं नाही, मी म्हणाले.

“लिहा शिवकांताबाई,” साहेब म्हणाले, “प्राध्यापक मॅडमच म्हणतात, तेलानं अपाय सिद्ध नाही.”

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. खरं बोलल्याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. माझ्याच प्रामाणिकपणाची दोरी करून त्यांनी ती माझ्या मायच्या गळ्यात टाकली होती, आणि मी ती त्यांच्या हातात दिली होती. मायकडे बघायची मला हिंमत होईना.

साहेबांनी मग टेबलाच्या खणातून आधीच टाइप केलेला कागद काढला. प्रकरण वाढवायचं नाही, बाई गरीब आहे, सही करू द्या, सोमवारपासून कामावर घेतो, असं म्हणून तो मायपुढं ठेवला. मी खांद्यावरून वाचला : ‘माझा स्वभाव खवट असल्याने माझ्याकडून शाळेस त्रास झाला. याबद्दल मी दिलगीर असून यापुढे पुरवठा झालेल्या साहित्याबाबत तक्रार करणार नाही.’

माय वाचायला हळू आहे. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर जुळवत पुढं गेली. मी म्हणाले, सही करू नकोस. तिनं हातानंच मला गप्प केलं. मग पिशवीतून दुसरी औषधाची बाटली काढली. एक मला दिली होती, एक तिनं स्वतःकडे ठेवली होती. बूच काढून ती तिनं साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली.

पंखा डोक्यावरच होता. वास पसरायला क्षण लागला नाही. साहेबांची मान आपोआप मागं गेली आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. बापूसाहेबांनी तोंड खिडकीकडं वळवलं. आत जुन्या, सडक्या खोबऱ्यासारखा दर्प भरला.

“लेकीला इचारू नका,” माय म्हणाली. “तिचं शास्तर तिच्याजवळ. मी काळजाचं कवा बोलले? मी म्हनले तेल खवट हाय. तुमाला कळालं, साहेब. रुमाल कामून लावला?”

साहेबांनी रुमाल खाली घेतला. पहिले बाटलीचं बूच लावा, म्हणाले. तेल बदलायचं नंतर बघू, आधी सही करा.

मायनं शिवकांताबाईकडून पेन मागून घेतलं. टेबलावर वाकली. ‘माझा स्वभाव’ या दोन शब्दांवर तिनं रेघ मारली, एकदा नाही, तीनदा, कागद फाटेल इतकी दाबून. ‘दिलगीर’ वर मारली. मग खाली मोकळ्या जागेत, मोठ्या अक्षरात लिहिलं : तेल खवट हाय. मी न्हाई. आणि खाली नाव, पूर्ण, नागुबाई भीमा सोनकांबळे.

साहेब कागद ओढायला उठणार, तेवढ्यात शिवकांताबाईंनी तो आपल्याकडे घेतला, शिक्का शाईत बुडवून वर मारला, क्रमांक टाकला आणि रजिस्टरात ओळ भरली. त्यांचं आमच्याशी काही नातं नाही, ओळखही नव्हती. पुढं मला कळलं की त्यांचा नातू त्याच तालुक्यातल्या एका शाळेत जेवतो. साहेब म्हणाले, दुसऱ्या कोऱ्या कागदावर घेऊ, हा फाडा. शिवकांताबाई मान वर न करता म्हणाल्या, “आवक झालाय, साहेब. आता फाडता येत न्हाई.”

मग त्यांनी बापूसाहेबांच्या मांडीवरची वही उचलली, अठरा एप्रिलचं पान उघडलं आणि मायच्या कागदाशेजारी ठेवलं. वहीतल्या तीन ओळींत तीन ख होते, आणि कागदावर एक. चारही सारखे : र आणि व शेजारी शेजारी, मध्ये बोटभर जागा. वरच्या पानांवरचं मोत्यासारखं अक्षर कुणाचं आणि हे कुणाचं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. साहेबांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेबांचं कपाळ घामानं डबडबलं.

“गुरुजी,” माय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, मला चढावा असं वाटत होतं. “उद्या चाखायला या. आधी तुमी, मंग लेकरं.”

तिनं बाटलीला बूच लावलं, बाटली मात्र उचलली नाही, तिथंच ठेवली. आम्ही बाहेर आलो तेव्हा मांडवात कोणीतरी ध्वनिक्षेपकावर नव्या जिल्ह्याचे फायदे सांगत होतं.

शिक्क्याच्या कागदाला उत्तर देणं भाग होतं, म्हणून आदेश मागं घेतला गेला. डबा बदलून आला. मायची कोणी माफी मागितली नाही, आणि शेऱ्याचा अर्थ चुकीचा लावला असंही कुठं लिहिलं नाही. फाइल नव्या जिल्ह्याकडे वर्ग होईल, एवढंच सांगितलं. तो जिल्हा अजून झालेला नाही. पण माय कामावर परतली त्या दिवशी बापूसाहेब अर्धा तास आधी शाळेत आले, ताटलीत चार घास घेतले, उभ्या उभ्या खाल्ले आणि मोत्यासारख्या अक्षरात पहिला खरा शेरा लिहिला : मीठ कमी. माय दोन दिवस धुमसत होती. मीठ बरोबर होतं म्हणे.

मी मात्र एवढ्यावर सोडलं नाही. शिवकांताबाईंनी मला त्या खेपेची यादी दाखवली. तसले डबे आणखी एकतीस शाळांत गेले होते. मी सुट्टी टाकून, भाड्याची स्कूटी घेऊन त्यातल्या चौदा शाळांत जाऊन आले. उन्हात, टँकरच्या धुळीतून. चौदाही ठिकाणी चव नोंदवही व्यवस्थित भरलेली होती. त्या तीन तारखांना, त्याच तेलाच्या खिचडीपुढं, चौदाही वह्यांत एकच शेरा होता : उत्तम.

नाक सगळ्यांनाच होतं.